कर्ली खाडी आणि देवबाग किनाऱ्यावरील दिवसभराची गळमासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यातील देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. या मुखाच्या आत पसरलेली खाडी आणि मुखाबाहेरचे तारकर्ली-देवबागचे उथळ पाणी, एवढ्या टापूत आम्ही गाईडसह दिवसभराची गळमासेमारी घडवतो. त्याविषयी फोनवर आणि संदेशांतून जे प्रश्न सतत येतात, ते जवळजवळ विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे दिले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही मासेमारी म्हणजे ट्रॉलरवर जाऊन जाळे ओढणे का?

नाही. कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, तेच हे काम आहे; फक्त हातदोरीऐवजी रॉड आणि रील असते. होडी लहान, फायबरची आणि आउटबोर्ड इंजिनाची असते. तिच्यावर एक तांडेल (होडी चालवणारा), एक गाईड आणि जास्तीत जास्त तीन पाहुणे असतात. किनारा दिवसभर नजरेच्या टप्प्यात राहतो. बहुतेक वेळ आपण खारफुटीच्या कडेला, खडकांजवळ किंवा मुखावरच्या वाळूच्या दांड्याच्या आडोशाला असतो आणि तेथे पाणी अनेकदा दोन-तीन मीटरच खोल असते. खोल समुद्रातील मासेमारी हा वेगळा प्रकार आहे. त्याची होडी वेगळी, साधने वेगळी आणि खर्चही वेगळा.

२. ‘दिवसभर’ म्हणजे किती वाजता निघायचे आणि किती वाजता परतायचे?

साधारणपणे उजाडण्याच्या सुमारास होडी सुटते आणि दुपारी चारपर्यंत परत येते. मात्र आतील क्रम दररोज सारखा नसतो. थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि मुखाबाहेरचे पाणी शांत असते. दुपारी बारानंतर समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. ओहोटीचे पाणी मुखातून जोरात बाहेर पडत असताना समोरून असा वारा आला, तर दांड्यावर आखूड आणि उभ्या लाटा उठतात. लहान होडीसाठी ती जागा तेव्हा धोक्याची असते. म्हणून बाहेरचे खडक सकाळी उरकून दुपार खाडीत घालवावी, हा आमचा साधारण नेम आहे. त्यात बदल करण्याचा अधिकार तांडेलाचा असून त्याबाबत पाहुण्यांचे मत घेतले जात नाही. दुपारचे जेवण खाडीच्या काठावरील घरी असते आणि त्यासाठी तास-दीड तास जातो.

३. कोणत्या महिन्यांत यावे?

ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यानंतर पावसाचा गढूळपणा निवळतो, गोडे पाणी मागे हटते आणि मुखापासून आत खाऱ्या पाण्याबरोबर मासाही चढू लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळ सुखद असते, पण पाणी थंड असल्यामुळे मासा काहीसा सुस्त असतो. आमच्या मते फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा सर्वांत चांगला काळ आहे. ऊन सोसण्याची तयारी मात्र हवी. पावसाळ्यात सहली बंद असतात. यांत्रिक नौकांवरील शासकीय मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. ती संपल्यावरही समुद्र लगेच निवत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला म्हणजे समुद्र पाहुण्यांसाठी खुला झाला, असे समजू नये. कोळी आणि गाबीत बांधवांची होडी व हात वेगळे, पर्यटकाचे वेगळे.

४. आम्हांला सुट्टी फक्त शनिवार-रविवारी असते. तरी तारीख कशी निवडावी?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि दुर्दैवाने तो सर्वांत कमी विचारला जातो. बहुतेक जण आधी रेल्वेचे तिकीट काढतात आणि नंतर आम्हांला तारीख कळवतात. खाडीतील मासा घड्याळ पाहत नाही; तो वाहत्या पाण्यावर चालतो. भरतीच्या वेळी कोळंबी आणि बोयटाची पिले पाण्याबरोबर खारफुटीच्या मुळांत शिरतात. ओहोटी लागली की तीच पिले लहान व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, खाडीच्या मुख्य पात्राकडे ओढली जातात आणि जिताडा व तांबोशी त्या व्हाळांच्या तोंडाशी वाट पाहत उभे राहतात. पाणी थांबले की मासा थांबतो. त्यामुळे उजेडाच्या तासांत जास्तीत जास्त ओहोटी कधी मिळेल, हे पाहूनच तारीख ठरवावी.

त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे: पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊण पट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊण पट सहा, म्हणून भरती सुमारे सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब अंदाजाचा आहे. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत जावे तसा आणखी उशीर होतो, म्हणून अंतिम वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून ठरवतो. तरीही दिनदर्शिका समोर ठेवून कोणालाही दिवस निवडता यावा, इतका तो भरवशाचा आहे.

आमची पसंती एकादशी ते त्रयोदशी या दिवसांना असते. भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान भरते, पहिले काही तास बाहेरच्या खडकांवर घालवता येतात आणि पुढची सगळी ओहोटी भर दिवसा खाडीत मिळते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याला जोर फार असतो. ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात खाडी गढूळते आणि वाहून आलेला पाला दोरीला अडकत राहतो. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असते, पाणी जेमतेम हलते आणि दिवस लांबल्यासारखा वाटतो. शनिवार-रविवार वर्षात पुष्कळ येतात; त्यांपैकी ज्यांना योग्य तिथी लाभली आहे ते निवडावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

५. कोणकोणते मासे लागतात?

खाडीत मुख्यतः तांबोशी आणि जिताडा. हाच जिताडा गोव्यात चोणक म्हणून ओळखला जातो. खडकांच्या कपारींत गोबरा, मुखाजवळ रावस आणि ट्रेव्हलीच्या जाती, मुखाबाहेर हंगामात कधी सुरमई. शिंगाळा बोलावल्याशिवाय येतो. पापलेटाची चौकशी नेहमी होते. तो २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, पण तो जाळ्याचा मासा आहे. लुअरवर, म्हणजे बनावट आमिषावर, त्याची अपेक्षा ठेवू नये.

यांत तांबोशीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण नवख्या माणसाला पहिला धडा तीच देते. तिचे घर खारफुटीच्या मुळांत असते. लुअर मुळांपासून हातभर अंतरावर पडून दोन-तीन झटके खातो, तोच पाण्याखाली तांबूस काहीतरी वळलेले दिसते आणि रॉडचे टोक एकदम खाली जाते. पुढच्या दोन क्षणांत जे होईल ते होईल. मासा लागल्याच्या आनंदात हात थांबला, तर ती मागे वळून मुळांत शिरते आणि मुळांवर चिकटलेल्या कालवांच्या धारेवर दोरी कापली जाते. म्हणून त्या वेळी रील फिरवण्याच्या भानगडीत न पडता रॉड आडवा ठेवून तिला आधी मोकळ्या पाण्यात ओढावे लागते. खाडीतली तांबोशी बहुधा तरुण असते. मोठी झाल्यावर ती बाहेरच्या खडकांकडे जाते. तरीही एक-दीड किलोची तांबोशी माणसाला पुरून उरते.

६. मासा मिळेल याची खात्री देता का?

नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. योग्य तिथी, स्वच्छ पाणी आणि ऐकणारा पाहुणा असे तिन्ही जुळले तर रिकाम्या हाताने परतणे क्वचित घडते. परंतु जिताडा दिवसभर दिसूही नये, असे चांगल्या गाईडच्या बाबतीतही होते. मासा न लागल्यास पैसे परत मिळत नाहीत. हवामानामुळे सहल रद्द झाली तर काय, ते प्रश्न १८ मध्ये दिले आहे.

७. आयुष्यात कधी रॉड हातात धरलेला नाही. जमेल का?

जमेल. पहिला अर्धा तास मोकळ्या पाण्यात फेकण्याचा सराव करून घेतला जातो. ताकदीने फेकू नये. रॉडला वाकू द्यावे आणि दोरीवरचे बोट वेळेवर सोडावे, एवढे जमले की पुरते. फेकण्यापूर्वी मागे पाहावे, कारण लुअरला दोन किंवा तीन त्रिशूळी गळ असतात आणि होडी लहान असते. इतर नियम मोडल्यास आम्ही समजावून सांगतो. हा नियम मोडल्यास रॉड काढून घेतो.

८. स्वतःची साधने आणावीत का? कोणती?

आवश्यकता नाही, रॉड, रील आणि लुअर भाड्यात समाविष्ट असतात. ज्यांना स्वतःचेच वापरायचे आहे त्यांनी सुमारे सात फुटांचा मध्यम-भारी स्पिनिंग रॉड, ४००० आकाराचे रील, २० ते ३० पौंडांची ब्रेडेड दोरी आणि तिच्या टोकाला ४० ते ६० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर आणावा. साधे तंगूस (नायलॉनची दोरी) ताणले जाते, त्यामुळे खारफुटीजवळ ते निरुपयोगी ठरते. अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून सुट्टीवर येणारे काही जण उघड्या वाळूच्या उथळ पाण्यासाठीचे हलके सामान आणतात. ते मुखावरच्या दांड्याजवळ चालते, पण मुळांजवळ टिकत नाही. विमानाने येणाऱ्यांनी गळ आणि लुअर हातातील सामानात ठेवू नयेत.

९. लुअरच का? जिवंत कोळंबी लावली तर मासे जास्त लागणार नाहीत का?

लागतील, विशेषतः लहान मुलांना आणि नवख्यांना, आणि मागितल्यास आम्ही तशी व्यवस्था करतो. परंतु जिवंत आमिष मासा बरेचदा गिळून टाकतो आणि गळ घशात रुततो. असा मासा सोडला तरी त्याच्या जगण्याची शक्यता कमी होते. लुअरचा गळ बहुतेक वेळा जबड्यातच अडकतो. शिवाय कोळंबीवर शिंगाळा आणि केंड (अंग फुगवणारा मासा) यांचीच गर्दी जास्त होते. केंडाचे दात तर सॉफ्ट प्लास्टिकच्या लुअरचे शेपूटही कात्रीने कापावे तसे उडवतात, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी नुकसानच करतो.

१०. काय घालावे आणि सोबत काय ठेवावे?

फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पटकन वाळणारा सदरा, टोपी, मान झाकणारे कापड, ओली झाली तरी चालेल अशी पट्टा असलेली चप्पल. पोलराइज्ड चष्मा अवश्य आणावा. त्यातून पाण्याखालचे दिसते आणि उडून येणाऱ्या गळापासून डोळेही वाचतात. पिण्याचे पाणी होडीवर असते. दारू चालत नाही.

११. समुद्र लागतो. तरी यावे का?

खाडीत लागत नाही. लागला तर मुखाबाहेरच्या पहिल्या दोन तासांत लागतो. ज्यांना त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. आधी सांगितल्यास पूर्ण दिवस खाडीतच आखता येतो आणि त्यात मासेमारीचे फारसे नुकसान होत नाही.

१२. पोहता येत नाही. सोबत मुले आणि आईही आहेत. स्त्रियांसाठी शौचालयाची सोय काय?

लाइफ जॅकेट प्रत्येकाने पूर्ण वेळ घालावेच लागते, पोहणाऱ्यांनीही. आठ वर्षांखालील मुलांना आम्ही दिवसभराच्या सहलीला घेत नाही. त्यांचा उत्साह दोन तासांत संपतो आणि उरलेला दिवस सर्वांनाच जड जातो. होडीवर शौचालय नाही. खाडीच्या काठावर ठरलेल्या घरी दुपारी आणि गरज पडल्यास मध्येही थांबता येते. स्त्रिया सोबत असल्यास होडी त्या घरांपासून फार लांब जाणार नाही, असाच मार्ग आखला जातो. संकोच न करता हे आधी सांगावे.

१३. पकडलेला मासा आम्ही खाऊ शकतो का? घरी नेऊ शकतो का?

दुपारच्या जेवणापुरते मासे ठेवता येतात. तांबोशी किंवा रावस दिला की काठावरच्या घरी कोकम घातलेले तिरफळाचे सार आणि तळलेली तुकडी होते. घरी नेण्यासाठी खोके भरून मासे जमवणे आम्हांला मान्य नाही. त्यासाठी मालवणच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो आणि तेथे मासा स्वस्तही पडतो. लहान मासा नेहमीच सोडला जातो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले आहे, आणि त्याखालील मासा होडीत घेण्याचा आग्रह कोणी धरू नये. मोठ्या जिताड्याचा नियम वेगळा आहे. तो पुढच्या प्रश्नात पाहावा.

१४. दिवसाचे पैसे आम्ही भरले, मग सर्वांत मोठा जिताडा सोडायला का लावता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, साधारण पाऊण ते एक मीटर लांबीच्या दरम्यान, मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असतो. तीच मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात लाखोंनी अंडी घालते आणि तिचीच पिले खारफुटीच्या आडोशाला वाढतात. असा एक मासा कापला, तर नुकसान एका माशाचे होत नाही. शिवाय ताटातल्या चवीसाठी दीड-दोन किलोचा जिताडा मोठ्यापेक्षा सरस असतो, हे पेण-अलिबागकडच्या कोणालाही विचारावे. तिकडे तर तो तळ्यांत वाढवलाही जातो.

सोडण्याचीही रीत आहे. हात ओले करावेत, मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा, छायाचित्र काढून होईपर्यंत आपण श्वास रोखून धरावा आणि आपल्याला दम लागला की माशालाही लागला असे समजावे. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवावे. शेपटीने जोर केला की सोडावे. कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, तेथे बोटे घालू नयेत. काठावरची काही वडीलधारी माणसे हे पाहून हसतात, ‘गावलेलो मासो कोण सोडता?’ असे विचारतात, आणि पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांच्या तोंडी तो प्रश्न रास्तही आहे. हौसेसाठी आलेल्यांना मात्र तो लागू होत नाही.

१५. परवानग्यांचे काय? सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गळ टाकता येतो का?

होडीची नोंदणी आणि प्रवासी वाहतुकीची कागदपत्रे पाहण्याचा पाहुण्याला पूर्ण हक्क आहे. ती आमच्याकडे असोत वा अन्य कोणाकडे, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मागून पाहावीत. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. आम्ही तेथे गळ टाकत नाही. ‘किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर एक मासा’ ही मागणी वारंवार येते. छायाचित्र किल्ल्याचे वेगळे काढावे, माशाचे वेगळे.

१६. गळ कोणाच्या जाळ्यात अडकला तर?

जाळे कापायचे नाही, लुअर सोडायचा. लुअरची किंमत काही शे रुपये असते, तर जाळ्यावर एका घराचा महिना चालतो. जाळ्याचे तरंगते बोये दिसले की होडी लांबून वळवली जाते. किनाऱ्यावर रापण (काठावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर तिच्या वळशात शिरू नये. दोर ओढायला हात लावलात तर मात्र स्वागतच होते आणि कधीकधी वाटाही मिळतो.

१७. शिंगाळ्याचा काटा लागला किंवा चुकून संरक्षित प्राणी गळाला लागला तर काय करावे?

शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते, पाकटाच्या शेपटीतही. काटा लागल्यास जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. उष्णतेने वेदना उतरते. त्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी होडीवर ठेवलेले असते. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावेच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. अनोळखी मासा पाहुण्याने हाताने धरू नये. केंड खाण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. त्याचे विष शिजवून जात नाही.

समुद्री कासव, करवत मासा, देवमुशी म्हणजेच व्हेल शार्क, समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. असा प्राणी गळाला किंवा दोरीला अडकल्यास त्याला होडीत न घेता पाण्यातच मोकळे केले जाते आणि गळ निघत नसेल तर दोरी तोंडाजवळ कापली जाते. त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून गाईडला मदत करावी.

१८. पैसे कसे आकारता, आणि हवा बिघडली तर ते परत मिळतात का?

भाडे होडीमागे असते, माणसामागे नाही. त्यामुळे एकटा आला तरी तेवढेच आणि तिघे आले तरी तेवढेच. पेट्रोल, साधने आणि जेवण त्यात धरलेले असते. तुटलेला रॉड वेगळा धरला जातो. खारफुटीच्या मुळांत अडकून गमावलेल्या लुअरचे पैसे घेतले जात नाहीत. हवामान खात्याचा इशारा असेल किंवा तांडेलाला मुखाची अवस्था पसंत नसेल, तर सहल रद्द होऊन पूर्ण रक्कम परत मिळते अथवा दुसरी तारीख मिळते. सकाळी निघून अर्ध्यात परतावे लागले तर निम्मी रक्कम परत केली जाते. एक अपवाद लक्षात ठेवावा: बाहेर जाता आले नाही, पण खाडी शांत आहे आणि दिवस खाडीतच पार पडला, तर ती सहल पूर्ण झाली असे धरले जाते.

१९. आमच्यातला एक जण शाकाहारी आहे, दुसरा मासे खातो पण सोमवारी नाही. चालेल का?

चालेल. काठावरच्या घरी डाळिंबी उसळ, सोलकढी आणि भात नेहमी असतो. वार मात्र आधी सांगावा. सकाळी आठला होडीतून कळवले, तर तोवर कढईत मासे पडलेले असतात.

२०. एक दिवस पुरेसा आहे की दोन घ्यावेत?

फेकणे शिकण्यात पहिल्या दिवसाचा मोठा भाग जातो, म्हणून शक्य असल्यास दोन घ्यावेत, आणि ते लागोपाठचे असावेत. दुसऱ्या दिवशी तेच पाणी सुमारे पाऊण तास उशिरा येते. म्हणजे आदल्या दिवशी ज्या व्हाळाच्या तोंडाशी उशिरा पोहोचलो होतो, तेथे या वेळी आधी जाऊन उभे राहता येते. गाडीने येणाऱ्यांनी देवबागला आणि रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरून आदल्या संध्याकाळीच मुक्कामी पोहोचावे. पहाटे पाचला रात्रीचा प्रवास करून आलेल्या माणसाला आम्ही होडीत घेतो, पण तो दहापर्यंत झोपलेला असतो.